नथ्थू आबांचा डावा डोळा

माझ्या हातून एका माणसाचा डोळा गेला आणि तो त्याच्याच चुकीने गेला असं मी त्याला पटवून दिलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. लोक मला आज देवमाणूस म्हणतात, धुळ्या-जळगावकडची जुनी माणसं वाटेत थांबून नमस्कार करतात. अशा वेळी नजर कुठे ठेवावी हे मला कळत नाही. म्हणून देवीच्या कृपेचा जो अनुभव मला आला तो सांगायचा, तर आधी माझी लाज सांगायला हवी.

मी धुळ्याच्या एका शाळामास्तरांचा मुलगा. मुंबईला डॉक्टरी शिकलो, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत पुढचं शिक्षण घेतलं आणि साठच्या दशकात जळगावला सहा खाटांचा छोटा दवाखाना काढला. त्या काळी आपल्याकडे डोळ्याचं ऑपरेशन करणारे डॉक्टर मोजकेच. मोतीबिंदू पिकला की माणूस काठी धरून ओट्यावर बसायचा, तो कायमचाच. अशी माणसं माझ्याकडे बैलगाडीतून यायची आणि काही दिवसांनी जाड भिंगाचा चष्मा लावून आपल्या पायांनी परत जायची. हात माझा खरंच हलका होता. पण तो हात माझा आहे, मी कमावलेला आहे, हे माझ्या डोक्यात फार लवकर भिनलं. पत्नी रोज देवापुढे दिवा लावायची. तिचा मान राखायचा म्हणून मी हात जोडायचो, एवढंच.

त्या वर्षी चोपड्याला नेत्रशिबिर भरलं होतं. शाळेच्या हॉलमध्ये खाटा मांडल्या होत्या आणि एका वर्गात ऑपरेशनचं टेबल लावलं होतं. दुपारी एक मोठे पाहुणे यायचे होते. ते येण्याआधी पट्टी बांधलेल्या रुग्णांची रांग पुरी दिसावी अशी माझी धडपड चालली होती. माझ्याबरोबरच्या नर्सबाई, आम्ही त्यांना नुसतं सिस्टर म्हणायचो, मला म्हणाल्या, "डॉक्टर, या आबांना सकाळपासून खोकला आहे. यांना आज नको घेऊया."

मी हसून म्हणालो, "सिस्टर, मला त्यांचा डोळा कापायचाय, छाती नाही."

ते आबा म्हणजे जवळच्या खेड्यातले नथ्थू शिंपी. बंड्या आणि टोप्या शिवून पोट भरणारे. सुईत दोरा ओवता येईना म्हणून आले होते. टेबलावर झोपताना त्यांनी माझ्या दिशेने हात जोडले. मी डावा डोळा बधिर केला, छेद घेतला, मोतीबिंदू चिमट्यात धरून बाहेर काढू लागलो आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांना खोकला आला. आवरता न येणारा, सगळं अंग हलवणारा. उघड्या डोळ्यातला गर भळकन बाहेर आला. तो गर एकदा गेला की परत घालता येत नाही.

मी त्यांच्यावर ओरडलो. "हलू नका म्हणून सांगितलं होतं ना! आता डोळा गेला तर मला बोलू नका." त्यांच्या कागदावर मी लिहिलं की रुग्णाने सहकार्य केले नाही. सिस्टरांनी तो कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि तो फाईलला लावला. त्यानंतर पाहुणे आले, हार झाले. आबांच्या त्या डोळ्यात पुढे पू झाला आणि तो गेला. पट्टी सोडली त्या दिवशी मी कामाचं निमित्त काढून जळगावलाच राहिलो.

पुढे काही महिन्यांत माझ्या हाताला कंप सुटू लागला. चारचौघांत नाही, फक्त टेबलापाशी. कोणी नुसता घसा खाकरला तरी माझ्या हातातलं हत्यार थरथरायचं. मी मोठी ऑपरेशनं मुंबईला पाठवू लागलो आणि स्वतः चष्म्याचे नंबर काढत बसलो. पत्नीने कारण विचारलं नाही. फक्त म्हणाली, "एकदा सातपुड्यातल्या मनुदेवीला जाऊन या." शस्त्रक्रिया कायमची सोडायची हे तोवर मी ठरवलंच होतं. तिचं मन मोडू नये म्हणून निघालो.

माघातली दुपार होती. आडगावपर्यंत एस.टी.ने गेलो, पुढे दगडगोट्यांतून पायी. सातपुडा अगदी अंगावर आल्यासारखा उभा होता. देवीपुढे उभा राहिलो, पण मागायला तोंडात शब्द येईना. बाहेर आलो तर पायऱ्यांवर नथ्थू आबा बसलेले. डावा डोळा खोल गेलेला, उजव्यात पांढरा मोतीबिंदू. शेजारी त्यांची बायको.

मी मफलर वर ओढला आणि मान वळवली. खरं सांगतो, तिथून पळून जावं एवढंच मनात होतं. पण त्या बाईने मलाच हाक मारली. "ओ भाऊ, आबाले जरासा हात द्या ना. मनाघाई एकलीघाई उतरावत नही."

तिला एकटीला त्यांना उतरवता येत नव्हतं. मी न बोलता हात दिला. माझा हात घट्ट धरून, पाय चाचपत आबा उतरू लागले आणि अनोळखी माणसापाशी बोलावं तसं बोलू लागले. "चोपडाले शिबिरमा टेबलवर माले खोकला उना, भाऊ. डाक्टरनं काम बिघडनं. इतला मोठा मानूस, त्यास्नं नाव खराब व्हयनं मनामुये. आते उजवा डोयाबी जाई ऱ्हायना. त्यास्नाकडेच जावानं शे, पन कोणतं तोंड लिसन जाऊ? देवीले तेच सांगाले उनू, त्यास्ना हातले यश दे."

माझ्या हातासाठी तो माणूस देवीकडे मागायला आला होता. आणि मी मफलरात तोंड लपवून त्याला उतरवत होतो.

"तुम्ही कोठला, भाऊ?" आबांनी विचारलं.

"धुळ्याचा," मी म्हणालो.

ते जागच्या जागी थांबले. "हाऊ आवाज मी ऐकेल शे."

त्यानंतर मला लपता आलं नाही. मी सगळं सांगितलं. खोकल्याचं मला आधीच माहीत होतं, सिस्टरांनी नको म्हटलं होतं, मी पाहुण्यांसाठी घाई केली आणि कागदावर खोटं लिहिलं. आबांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. त्यांची बायको माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिचा आवाज चिरकत होता. "आठ महिना व्हयनात, हाऊ मानूस रोज सोताले बोल लावस. खोकला उना का तोंडमा फडकं कोंबस. तुमले माहीत शे का?"

मी खाली बघत उभा राहिलो.

आबांनी हळूच विचारलं, "मंग मनी चूक नव्हती?"

"नव्हती, आबा. माझीच होती."

तो म्हातारा पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. ते रडणं सुटकेचं होतं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या, पण ती सुटका मला सोसली नाही. थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि हात हवेत पुढे केला. "द्या हात. उतरानं शे अजून."

खाली आल्यावर मी म्हणालो, "आबा, उजव्या डोळ्यासाठी तुम्हाला मुंबईच्या चांगल्या डॉक्टरांकडे नेतो." आबांनी मान हलवली. "तुम्हीच करा. आते तुम्ही घाई करनार नहीत."

जळगावला परतल्यावर पहिलं काम केलं ते सिस्टरांच्या समोर तो कागद दुरुस्त करण्याचं. मग आबांना दवाखान्यात ठेवून घेतलं. खोकला पूर्ण जाईपर्यंत दोनदा दिवस पुढे ढकलला. ऑपरेशनच्या सकाळी हात धुताना बोटं कापत होती. यश दे, असं मागायचा मला अधिकार वाटेना. मी मनात एवढंच म्हटलं, "आई, माझ्याच्यानं होत नाही. आता तूच बघ." टेबलापाशी गेलो आणि हात स्थिर झाला. ते कसं झालं हे मी डॉक्टर असूनही सांगू शकत नाही आणि सांगायचा आग्रहही नाही. मोतीबिंदू अखंड बाहेर आला. आबा श्वाससुद्धा जपून घेत होते.

काही दिवसांनी पट्टी सोडली. तात्पुरता जाड भिंगाचा चष्मा मी त्यांच्या नाकावर ठेवला. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि मग माझ्याकडे वळले. मी कागदांत डोकं खुपसून उभा होतो.

"वर देखा, डाक्टरसाहेब," आबा म्हणाले. "देखू द्या ना माले तुमले."

मी मान वर केली. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि मी तसाच, काही न झाकता, त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्या नजरेशेजारचा गेलेला डावा डोळा मला दिसत होता, तो आजही दिसतो. पण शरण जाणं कशाला म्हणतात ते मला त्या खाटेपाशी कळलं. देवीने मला तिथवर त्याच माणसाच्या हाताने नेलं, ज्याला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. त्या माउलीचे आणि नथ्थू आबांचे उपकार मी जन्मभर डोक्यावर वागवतो आहे, आणि ते उतरू नयेत एवढंच तिच्याकडे मागतो.