सासूबाईंची शेती आणि केबलवाल्याचा वाढदिवस

अंगणात पाय घसरून सासूबाईंचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर त्या घराच्या उंबऱ्यापलीकडे कधी गेल्या नाहीत. तोपर्यंत रोज शेताकडे चक्कर मारायच्या, म्हणजे शेत जिथे होतं तिकडे. भिवंडीजवळच्या मानकोलीकडची गोदामं सरकत सरकत कोन गावाच्या आतल्या आमच्या गावापर्यंत आली, तेव्हा सासऱ्यांनी आणि चुलत सासऱ्यांनी मिळून जमीन विकली. सासूबाईंचा अंगठा तेवढा कागदावर घेतला. मत कोणी विचारलं नाही.

खाटेला खिळल्यावर त्यांच्या वाट्याला एकच शेती उरली. संध्याकाळी सरकारी मराठी वाहिनीवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा. त्याच्या आधी अर्धा तास त्या वेणी घालून, पाठीला उशी लावून तयार असायच्या. मग टीव्हीतल्या तज्ज्ञाला झापायला सुरुवात.

"बुटं घालून बांदावर उबा हाय. ह्यानं कदी चिखलात उतरून भाताची आवणी केलीय?"

मी अंगणवाडीत सेविका आहे. पोरांना खिचडी घालून, वजनं घेऊन, रजिस्टरं भरून घरी यायचं, तेव्हा हा आवाज ऐकला की मला बरं वाटायचं. भांडणारं माणूस जगतं, असा माझा अनुभव आहे.

आमच्या गावात केबल एकाच्याच हातात होती. जमिनीच्या पैशावर गबर झालेल्या घरातला हा माणूस. गाडीच्या मागच्या काचेवर त्याने स्वतःचाच फोटो लावला होता, हात जोडलेला. आयुष्यात त्याने हात जोडले ते तेवढेच. सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला तेव्हा तो घरोघर फिरला आणि "सरकारचा हुकूम हाय" म्हणून त्याने प्रत्येक घरात आपलाच डबा बसवला. हुकूम सरकारचा, डबा ह्याचा, आणि उपकार दोघांचे आमच्यावर.

डबा बसला त्याच आठवड्यात सासूबाईंची वाहिनी गेली. त्या नंबरवर आता केबलवाल्याची स्वतःची वाहिनी लागायची. तिच्यावर दिवसभर काय, तर भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांच्या जाहिराती, कुणाच्या तरी हळदीचं शूटिंग आणि त्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. वाढदिवस होऊन महिना झाला तरी शुभेच्छा संपेनात. सासूबाई दोन दिवस त्याचं तोंड बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ह्याचा बारसा कदी संपतोय, इचार तरी बाय."

मी त्याच्या ऑफिसात गेले. तो खुर्चीत रेलून मोबाईल बघत होता.

"सरकारी वाहिनी दाखवायलाच लागते," मी म्हटलं. "तसा कायदाच आहे."

त्याने मान वर केली नाही. "वहिनी, ती बघतं कोन? ज्याला मागनी हाय ते आपन दाखवतो. मार्केट हाय ह्ये."

"आमच्या घरात मागणी आहे."

"एका म्हातारीचं मार्केट नसतं."

एका गावात एकच वायर, तीही ह्याची, आणि ह्याला ते मार्केट वाटत होतं. मी उठून आले.

सरकारचे कागद भरण्यातच माझी नोकरी चालली आहे, त्यामुळे मला उगाच वाटलं की आपल्याला कागद कळतो. सुट्टी टाकून भिवंडीला तहसील कचेरीत गेले आणि अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "टीव्हीचं? हे आमच्याकडे येतं का?" त्यांनी शेजारच्या टेबलावर विचारलं. त्या टेबलाने तिसऱ्या टेबलाला विचारलं. शेवटी एक जाड पुस्तक निघालं आणि त्यात सापडलं की हे त्यांच्याकडेच येतं. साहेबांचा चेहरा असा पडला, जणू त्यांच्या घरी पाहुणे येऊन राहणार होते.

दीड महिन्याने पाहणीला दोन माणसं आली. ती येणार हे केबलवाल्याला आमच्या आधी कळलं होतं, कारण त्या सकाळीच सरकारी वाहिनी परत लागली, अगदी स्वच्छ. पाहणीवाले केबलवाल्याच्याच गाडीतून उतरले, चहा त्याच्याकडेच पिऊन आले होते. एकाने आमच्या टीव्हीकडे बघितलं, दुसऱ्याने कागदावर टिक केली.

"दिसतंय की, मॅडम."

"आज दिसतंय," मी म्हटलं.

"आम्ही आजच आलोय."

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "मंग रोज या." दोघे हसले. गोड म्हातारी भेटल्यासारखे हसले, आणि त्यांनी अर्ज फेकून दिला असता तरी लागलं नसतं इतकं ते हसणं मला लागलं. दुसऱ्या दिवशी त्या नंबरवर पुन्हा हळद. तिसऱ्या दिवशी आमची वायर खांबावरूनच कापलेली. पुढे टपालाने पत्र आलं, की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. एका अर्थी खरंच होतं. केबलच नव्हती, तर केबलची तक्रार कसली?

नवरा लूमच्या कारखान्यात जॉबर आहे, बिघडलेले माग दुरुस्त करतो. तो म्हणाला, "तुला काय पडलं होतं? सगळं गाव गप बसतं ना." तरी तोच नाक्यावर जाऊन खासगी कंपनीची डिशची छत्री सांगून आला. कंपनीचा माणूस आला, टाय लावून, भर मे महिन्यात. "आता तुम्ही कोणावर अवलंबून नाही. तुम्हाला पाहिजे तेच बघा," म्हणाला. पाहिजे ते एक होतं. ते मिळायला वर्षाचं पॅकेज घ्यावं लागलं, ज्यात आम्हाला न समजणाऱ्या भाषांच्या डझनभर वाहिन्या होत्या. पण शेतीचा कार्यक्रम आला. सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी ठिबक सिंचनावरच्या बाईला फैलावर घेतलं. मी स्वयंपाकघरात हसत भाकऱ्या थापल्या.

चार महिने गेले आणि आमच्या जुन्या शेताच्या घराकडच्या टोकाला दुसरं गोदाम उभं राहायला लागलं. भिंत आमच्या घराला जवळजवळ चिकटूनच. ती वर चढत गेली तसं चित्र आधी तुटायला लागलं, मग गेलंच. कंपनीला फोन केला. फिटर आला, आकाशाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

"सिग्नल अडलाय. भिंत हटवा."

"आणि नाही हटली तर?"

"पॅकेज चालू राहील, मॅडम. नियम आहे."

गल्लीच्या पलीकडच्या चाळीच्या छतावर छत्री लावा म्हटलं, तर ग्राहकाच्या मालकीच्या छताशिवाय लावत नाहीत. हाही नियम. मार्केटवाल्यांचे नियम सरकारपेक्षा कडक होते, आणि त्यांच्याविरुद्ध अर्ज करायला कचेरीसुद्धा नव्हती. फोनवर एक मुलगी माझं म्हणणं ऐकून घ्यायची, माझा कॉल त्यांना महत्त्वाचा असल्याचं सांगायची आणि आणखी एखादं पॅकेज विकायचा प्रयत्न करायची.

त्या चाळीत उत्तर प्रदेशातला एक लूम कामगार बायकोसह भाड्याने राहायचा. त्याची मुलगी माझ्या अंगणवाडीत यायची. तिला सोडायला आला तेव्हा मी सहज ही कथा सांगितली. तो म्हणाला, "भाभी, सरकारवाली छतरी क्यों नहीं लगाते? महीने का कुछ नहीं लगता. हमारे गाँव में हर छत पर वही है."

मला हे माहीत नव्हतं. सरकारनेच काढलेली, महिन्याला एक पैसा न लागणारी छत्री, आणि मी सरकारच्या कचेरीत तीन टेबलं फिरून आले तरी एकाही तोंडातून तिचा शब्द निघाला नव्हता. नाक्यावरच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ती गरिबांची असते, ताई. आम्ही ठेवत नाय." ठेवत नव्हता कारण तिच्यात दरमहा कमिशन नव्हतं.

त्या कामगाराने आपल्या सुट्टीच्या दिवशी भिवंडीच्या बाजारातून छत्री आणून दिली आणि चाळीच्या टाकीशेजारी बसवली. चाळमालकाला त्यानेच पटवलं. गल्लीवरून वायर ओढली. सासूबाई खाटेवरून "आली… गेली… आली" असं ओरडून सांगत होत्या आणि तो तबकडी बोटभर बोटभर फिरवत होता. चित्र स्थिर झालं तेव्हा मी त्याला चहा दिला. घाम पुसत तो सासूबाईंशेजारी बसला. टीव्हीवर कोणी तरी भातावरच्या करपा रोगाबद्दल बोलत होतं. दोघांनीही एकदमच मान हलवली. ह्या माणसाला काही कळत नाही, असं दोघांचंही मत पडलं, एकाचं भोजपुरीत, दुसरीचं आमच्या बोलीत.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत गल्लीतल्या आणखी सात-आठ घरांनी तीच छत्री लावून घेतली. मग केबलवाला आमच्या दारात आला. गल्लीत वायर टाकायची तर ग्रामपंचायतीची परवानगी लागते, म्हणाला, आम्ही नियम मोडलाय. त्याच्या तोंडून नियम हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

मी म्हटलं, "अर्ज करा. तहसीलला. तिसऱ्या टेबलावर."

सासूबाईंनी आवाज मोठा केला. खताच्या मात्रेचं काही तरी चाललं होतं, आणि त्यांना ते ऐकायचं होतं.