शेंदराखालचा घोडेस्वार

मी मंडळाचा सभासद झालो तो पळालो नाही म्हणून.

आणीबाणीच्या त्या दिवसांत गावात जीप शिरली की बाप्ये माणसं धानाच्या बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांत, पळत. नसबंदीवाले धरून नेतात असा सगळीकडे बोभाटा होता. अड्याळकडच्या रस्त्यावर धूळ दिसली आणि तलावाच्या पाळीवर गप्पा मारत बसलेले सगळे धोतर सावरत धानात घुसले. मी चिंचेखाली बसून राहिलो. बायको वारून वर्ष व्हायचं होतं, मूलबाळ नव्हतं. माझी नस कापून सरकारला काय मिळणार होतं? आणि पळणं माझ्या रक्तात नाही.

जीपमधून उतरले ते भंडाऱ्याचे एक वकील, हायस्कुलातले एक मास्तर आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक औषधाचे दुकानदार. त्यांनी मिळून जुन्या वस्तू जपायचं मंडळ काढलं होतं. त्यात पगार नाही, नफा नाही. रविवारी कोणाची तरी जीप मागून आणायची, जिल्ह्यातली जुनी देवळं, पडके दरवाजे, कोरलेले दगड पाहत हिंडायचं आणि कोणी तोडत असेल तर हात जोडून थांबवायचं.

"भाऊ, गावात जुनं काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"आता तं मीच हावो. बाकीचे धानात हायेत."

ते हसले. मग मी त्यांना मातामाय दाखवली.

आमची मातामाय म्हणजे पाळीवर उभा असलेला छातीएवढा दगड. दगड कसला, शेंदराचा ढीगच. नाक नाही, हात नाही, वर चिकटवलेले चांदीचे दोन डोळे तेवढे. दर आखाडीला, आषाढातल्या सणाला, गाव तिला तेल-शेंदराचा नवा थर देई. माझ्या बापानं दिला, त्याच्या बापानं दिला. मास्तरांनी बोटानं ठोकून पाहिलं आणि म्हणाले, आत काहीतरी कोरलेलं आहे. हा थर काढू द्याल का?

पंच बसले. मला वाटलं, हाकलून देतील. पण आमच्याकडे मानतात की देव कधी कधी आपली खोळ सोडतो, नवं रूप घेतो, आणि ते गावाच्या भल्याचं असतं. "मायची खोळ या लोकाइच्या हातून सुटाची असन तं सुटू द्या," पंच म्हणाले. खाली मायचंच रूप निघणार याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. बायांनी तर हिरवं लुगडं आणून ठेवलं. एक म्हणे, नाकात नथ असन. दुसरी म्हणे, माझ्या आजीच्या आजीनं पाह्यलं होतं तिचं तोंड, हुबेहूब आमच्या घरच्यावाणी.

मंडळवाल्यांनी मला सभासद करून घेतलं. लोखंड लावायचं नाही, एवढा एकच कायदा. रिठ्याच्या कोमट पाण्यात कापड भिजवायचं, दगडावर गुंडाळून ठेवायचं आणि मग बांबूच्या कमचीनं खपली सोडवायची. रविवारी ते करत, बाकीचे दिवस मी. आधी वरच्या अंगाला सूर्य-चंद्र निघाले. बायांनी हात जोडले. मग घोड्याचा कान निघाला. "मायचं वाहन हाये," कोणीतरी म्हणालं.

मग मिशी निघाली.

चांगली पिळदार मिशी, हातात तलवार, कमरेला शेला. सगळं गाव पाळीवर उभं होतं. शेवटी एक म्हातारी पुढं वाकली आणि ओरडली, "अवं माय! हा तं बाप्या हाये!"

आधी एक हसला, मग सगळेच हसले. बायांचं हसणं मात्र मधेच तुटलं. एकीनं पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला. "आमी याच्यापुढं काय काय बोललो वं!" ती म्हणाली, आणि साऱ्या जणी पटापट पाळीवरून उतरल्या. खरंच होतं ते. बाळंतपणाचं, नवऱ्याच्या माराचं, घरात कोणाला सांगता येत नाही ते त्या इथं येऊन सांगत. माझी बायकोही दर मंगळवारी जायची. काय मागायची ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मास्तरांनी सगळ्यांना समजावलं. याला वीरगळ म्हणतात. कोणीतरी इथं गायी वाचवताना लढून मेला, त्याच्या आठवणीचा हा दगड. खाली गायी कोरलेल्या होत्या, त्यातलं एक वासरू मान वळवून मागं पाहत होतं.

"असन," पंच म्हणाले. "मोठा माणूस असन. पन आमची माय कोठी गेली?"

मास्तर चष्मा पुसत जीपकडे वळले. जीप निघून गेली. मी कुठं जाणार?

पुढचा पावसाळा आला, रोवणा सुरू झाला. आमच्याकडे बाया टोळीनं एकमेकींच्या बांधीत जातात, गाणी म्हणत धान रोवतात. माझ्या बांधीत कोणी आली नाही. बोलवायला गेलो तर दारातूनच उत्तर, "तुमचा शिपाई हाये ना मिशीवाला, त्याले सांगा रोवाले." मी एकटा चिखलात उतरलो. पऱ्ह्यांची रोपं पिवळी पडेपर्यंत रोवणं पुरलं. शेजारच्या बांधीत गाणी चालायची, आणि मी बांधावर आलो की थांबायची. संध्याकाळी चिंचेखाली गेलो की माणसांना एकदम बैल बांधायची आठवण व्हायची.

एक दिवस थोरल्या भावाची बायको घरी आली. बायको गेल्यापासून माझ्या चुलीची चौकशी करणारी तेवढीच होती.

"भाऊजी, एक बोट शेंदूर लावा. एकच. बाकीचा गाव लावते. मंग कोनी काई बोलनार नाई."

"खाली कोन हाये ते तुमाले माहीत नाई का, वहिनी?"

"माहीत हाये. विसरून जाऊ आमी. बाया लय काई विसरतेत."

"मी नाई विसरत."

"त्या भंडाऱ्याच्या लोकाइसाठी गाव तोडून राहिले तुमी?"

"त्याइच्यासाठी नाई. गायीसाठी जीव देला त्या मानसानं, अन् आपुनच त्याचं तोंड बुजवलं. मी माह्या हातानं उघडलं. माह्या हातानं नाई बुजवत."

"हाव, मंग बसा त्याच्याच संग," ती म्हणाली आणि उठली.

गावानं वाट पाहिली नाही. पाळीच्या दुसऱ्या टोकाला कडुनिंबाखाली एक साधा दगड बसवला, गोल, काहीही न कोरलेला. चांदीचे डोळे त्याला लावले. मातामाय तिकडे राहायला गेली.

भंडाऱ्याच्या सभेला मी एसटीनं जायचो. मला पुढच्या रांगेत खुर्ची देत. माझं नाव घेत, टाळ्या वाजत, अर्धं भाषण डोक्यावरून जाई. चहा झाला की ते एकमेकांत बोलत आणि मी स्टँडवर येऊन बसे. मंडळानं वीरगळाजवळ लोखंडी पाटी लावली. पुढं मास्तरांची बदली झाली, वकील वारले, दुकानदारांना दिसेनासं झालं. रविवार बंद झाले. पाटी गंजली. मी मात्र रोज सकाळी साधं पाणी घेऊन जातो, पाखरांची घाण धुतो. मंडळ बुडालं असेल, मी राजीनामा दिलेला नाही.

दर आखाडीला कडुनिंबाखालच्या मायकडे डफडं वाजत जातं ते माझ्यासमोरूनच. त्या दिवशी मी मुद्दाम वीरगळाजवळ बसतो, घरात तोंड लपवत नाही. बाया ताटं घेऊन जातात, घोडेस्वाराजवळ आल्या की पदर पुढं ओढतात. कोणी माझ्याकडे पाहत नाही. एका वर्षी वहिनी सगळ्यांच्या मागं राहिली. तिचे केस तोवर पांढरे झाले होते. माझ्यासमोर आली तशी थांबली, मान खालीच.

"जेवले का, भाऊजी?"

"जेवलो," मी म्हणालो.

सकाळपासून मी चूल पेटवली नव्हती. तिनं ताट सावरलं आणि डफड्याच्या मागं गेली.