खुर्ची नव्हती म्हणून उभा राहिलो

“और कोई खडा है?” फर्नांडिसने विचारलं.

मी मागच्या भिंतीला टेकून होतो. म्हणालो, “हम खडा है साब. कब से खडा है.”

मेसचा हॉल हसायला लागला. मला वाटलं, माझ्या हिंदीला हसतायत. त्याची मला सवय होती. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “सेकंडेड!” फर्नांडिसने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मग एका भल्या माणसाने मला खुर्ची आणून दिली आणि मी समाधानाने बसलो. सकाळपासून टाक्यांचे जिने चढून पायांचे तुकडे पडले होते. फर्नांडिस खुर्ची नसलेल्यांची मोजदाद करतोय असं मी धरून चाललो होतो.

तो अध्यक्षपदासाठी आणखी कोण उभं आहे ते विचारत होता.

ही गोष्ट अहमदीची, पन्नास-साठच्या सांध्यावरची. तेलाच्या कंपनीने कुवेतच्या वाळवंटात वसवलेलं हे गाव. कंपनीतल्या आम्हा भारतीय कारकून-कारागिरांचा एक क्लब होता. त्याच्या अध्यक्षाला तसा मान सोडला तर काही मिळायचं नाही. त्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. मेसच्या मागे सहा छोटी घरं रिकामी झाली होती. कंपनीने सांगितलं होतं, ती पाडून तुम्हाला करमणुकीचा हॉल बांधून देऊ, नाहीतर बायकामुलांसाठी क्वार्टर्स म्हणून देऊ. काय हवं ते तुमचा नवा अध्यक्ष सांगेल.

अकाउंट्समधले भसीन हॉलच्या बाजूचे. बिलियर्डचं टेबल, गाण्याची बैठक, पडद्यावर सिनेमा. माणूस दिलदार, आवाज मोठा, बॅरॅकमधली सगळी अविवाहित पोरं त्यांच्यामागे. क्वार्टर्सच्या बाजूने स्टोअर्समधले कासमभाई, रत्नागिरीकडचे. त्यांची स्वतःची बायको गावचं घर सोडून यायला तयार नव्हती, तरी हा माणूस इतरांच्या बायकांसाठी भांडत होता.

इतरांच्या म्हणजे मुख्यतः माझ्या. माझी बायको नलिनी आणि मुलगी केळव्याला. क्वार्टर्स झाली तर पहिलं घर मला, हे जवळजवळ ठरलेलं. आदल्या रजेत घरी गेलो तेव्हा मुलीने दुसऱ्याच दिवशी आईला विचारलं होतं, “हे परत कधी जाणार?” विचारण्यात राग नव्हता. पाहुण्यांबद्दल विचारतात तसं विचारलं होतं.

आणि आता त्याच कासमभाईंच्या विरोधात मी उभा होतो. खरं म्हणजे बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी टाकीवरून खाली उतरतोय तर जिन्याच्या तळाशी कासमभाई. माझं काम गेजरचं. टेकडीवरच्या मोठमोठ्या टाक्यांमध्ये तेल किती आहे ते मोजायचं. छपरावरचं झाकण उघडून पितळी वजन लावलेली पोलादी टेप आत सोडायची, याला डिप म्हणतात. टाकीच्या तळाशी तेलाखाली पाणी साचतं, ते वरून दिसत नाही. म्हणून टेपच्या टोकाला एक पेस्ट फासायची. पाणी लागेल तिथपर्यंत तिचा रंग बदलतो. हाताला तेलाचा वास, कपड्याला तेलाचा वास. अशा अवस्थेत मी कासमभाईंपुढे उभा राहिलो.

“सावेभाय,” ते म्हणाले, “तुमी खुर्ची मागितलंव का प्रेसिडेंटगिरी?”

मी म्हटलं, खुर्ची.

“मंग ती भेटली ना? आता उतरा. आपली मतां थोडी. तुमची आनी माजी येकच. त्यातली धा तुमी खाल्लांव तर भसीन बसतो वर, आनी वयनी बसतात केळव्याला.”

हिशेब सरळ होता. मी नको नको म्हटलं तरी आपला माणूस उभा राहिलाय म्हणून चारदोन मराठी मंडळी भिडेपोटी मला मत देणार. ती सगळी कासमभाईंच्या वाट्याची. तिघांच्या निवडणुकीतला तिसरा कधी स्वतः निवडून येत नाही, शेजाऱ्याला पाडतो.

मी तसाच फर्नांडिसकडे गेलो. तो टायपिस्ट, आणि क्लबचा सेक्रेटरी. म्हटलं, माझं नाव काढ.

“नहीं होता.”

“का?”

“कॉन्स्टिट्यूशनमध्ये विथड्रॉअलचा क्लॉज नाही.”

क्लबची घटना मुंबईतल्या कुठल्याशा क्रिकेट क्लबच्या घटनेवरून उतरवलेली होती. त्यात पाऊस पडला तर सभा कुठे घ्यायची याचा क्लॉज होता. अहमदीत! पण नाव मागे घेण्याचा नव्हता.

“अरे, मी खुर्चीसाठी बोललो होतो.”

“मिनिट्समध्ये खुर्चीचं काही नाही,” फर्नांडिस म्हणाला आणि टाइप करायला लागला. विनोदबुद्धी तो बहुधा म्हापशालाच ठेवून आला होता.

मग मी आमच्या सुपरिंटेंडेंट साहेबांना गाठलं. वाटलं, ते एक फोन करतील. पण माझं नाव ऐकून ते इतके खूश झाले की खुर्चीतून उठून त्यांनी माझा हात हातात घेतला. विलायतेत त्यांच्या वडिलांच्या मतदारसंघात दर खेपेला तिरंगी लढत व्हायची म्हणे. तिसऱ्यामुळे कोण कसा पडला याच्या कथा त्यांनी मला डिपची वेळ टळेपर्यंत सांगितल्या. दोन खेपांचे निकाल त्यांनी ब्लॉटिंग पेपरवर बेरजा करून दाखवले. शेवटी मी माझी अडचण सांगितली, तेव्हा म्हणाले, “सिंपल, सावे. गो अँड टेल देम नॉट टु.”

म्हणजे स्वतःविरुद्ध प्रचार. दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्याच संध्याकाळपासून मी सुरू झालो.

आयुष्यात मला कधी कुणी ऐकून घेतलं नव्हतं, पण त्या आठवड्यात सगळ्यांनी ऐकलं. मी एकेक खोलीचं दार वाजवायचो आणि हात जोडून म्हणायचो, कृपा करून मला मत देऊ नका. मराठी मंडळींना मुद्दा पटकन कळला. मी पुढचं सांगायच्या आत ते म्हणायचे, बरं बरं, मत कासमभाईंना, वहिनींना लवकर आणा. एकाने तर विचारलं, वहिनी आल्या की कोलंबीचं खडखडलं मिळेल का? मी म्हटलं, मिळेल. आचारसंहितेत लाच बसते की नाही, याचा क्लॉज फर्नांडिसकडे नव्हता.

भसीनच्या बॅरॅकमध्ये मात्र भलतंच झालं. मी तिथेही गेलो, कारण एकदा सुरुवात केली की मला थांबता येत नाही. पोरं टाळ्या वाजवायला लागली. एकाने पलंगावरून उडी मारून खुर्ची पुढे केली, “आइए सावेजी, कब से खडे हैं!” पुन्हा हशा. दुसऱ्या दिवशी मेसच्या दारावर, लॉन्ड्रीवर, पाण्याच्या टाकीवर खडूने खुर्ची काढलेली, खाली लिहिलेलं: सावे को कुर्सी दो.

हे भसीनच्या माणसांचं काम. डोकं चालवून केलेलं होतं. मला जितकं चढवाल तितका कासमभाई उतरेल, असा त्यांचा डाव. मी फडकं घेऊन खुर्च्या पुसत हिंडलो. मी एक पुसली की दोन उगवायच्या. बसमधून टेकडीवर जाताना मागच्या सीटवरून घोषणा सुरू व्हायची, “सावे को—” आणि सगळी बस ओरडायची, “कुर्सी दो!” ड्रायव्हर बसरा शहराकडचा. त्याला अर्थ कळत नव्हता, तरी तोही तालावर हॉर्न द्यायचा. खोटं कशाला सांगू, तिसऱ्या दिवशी मीही मनातल्या मनात ताल धरला होता. मग एकदम केळवे आठवायचं आणि ताल तुटायचा.

कासमभाई बोलायचे बंद झाले. स्टोअर्सच्या खिडकीतून नवी टेप देताना त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “लोकप्रिय झालांव.”

मतदान शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी झालं. मी माझं मत कासमभाईंना दिलं आणि चिठ्ठी दोनदा उघडून पाहिली, चुकून स्वतःला तर दिलं नाही ना म्हणून. मग मोजणी. फर्नांडिस एकेक चिठ्ठी उलगडून नाव वाचणार, दुसरा फळ्यावर रेघ मारणार. पंखे फुल, तरी हॉल भट्टीसारखा. खुर्च्या होत्या, पण कोणीही बसलेलं नव्हतं.

भसीन. कासम. कासम. भसीन. भसीन. सावे. हॉलमध्ये आरडाओरडा. कासम. भसीन. सावे. पुन्हा सावे! मी कासमभाईंकडे बघायचं टाळलं. माझ्या नावाखाली रेघा वाढायला लागल्या तसा मी मागे मागे सरकत भिंतीला जाऊन टेकलो. कोण देतंय ही मतं? मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. ज्याच्याकडे बघावं तो मराठी माणूस मान हलवून खुणावत होता, मी नाही.

अर्ध्याअधिक चिठ्ठ्या संपल्या आणि भसीन पुढे सरकले. ते फळ्याकडे बघत होते. त्यांच्या नावाखाली जेवढ्या रेघा हव्या होत्या तेवढ्या नव्हत्या. त्यांनी मागे वळून आपल्या पोरांकडे पाहिलं. ती पोरं छताकडे बघत होती.

त्या क्षणी मला पेस्ट आठवली. टाकीत वरून सगळं सारखंच दिसतं, रंग बदलल्यावर कळतं खाली काय होतं ते. माझी मतं कासमभाईंच्या टाकीतली नव्हतीच. आठवडाभर “सावे को कुर्सी दो” ओरडून ओरडून भसीनच्याच पोरांना ते इतकं आवडलं होतं की हातात पेन्सिल आल्यावर त्यांनी तेच केलं. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे सगळे भसीनना देतायत, माझ्या एकट्याने काय होतंय. अशी एकटी एकटी सोळा पोरं निघाली.

कासमभाई तीन मतांनी निवडून आले.

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! कुणी मला उचललं, कुणी कासमभाईंना, आणि उचलणाऱ्यांची दाराशी टक्कर झाली. कासमभाईंनी वरूनच माझा कान धरला. “सावेभाय, आता समजला. तुमी राजकारनी मानूस.” मी म्हटलं, देवाशप्पथ नाही. भसीनही पुढे आले. हात मिळवला आणि खो खो हसत म्हणाले, “यार, दीवारों पर कुर्सियां तो मैंने ही बनवाई थीं.” असा हरणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

साहेबांना निकाल सांगितला तर ते जरा हिरमुसले. त्यांच्या वडिलांच्या मतदारसंघात असं कधी झालं नव्हतं. माझा अनुभव मात्र एवढाच: तिसरा उमेदवार कुणाला तरी पाडतो हे खरं, पण कुणाला ते मोजणीआधी कुणी सांगू नये, विशेषतः ज्याने त्याला चढवलं त्याने.

पुढच्या हिवाळ्यात नलिनी आणि मुलगी मुंबईहून बोटीने आल्या. नलिनीने स्वयंपाकघर लावलं, खिडकीला पडदा लावला, आणि पहिल्यांदा निवांत बसल्यावर मी तिला ही सगळी कथा हातवाऱ्यांसकट सांगितली. ती भिंतींकडे बघत ऐकत होती.

“म्हणजे इथे त्या पोरांचं बिलियर्डचं टेबल यायचं होतं,” ती म्हणाली. “शुक्रवारी जेवायला बोलवा त्यांना, सोळाच्या सोळा. आणि अहो, जेवताना हे निवडणुकीचं काढू नका. टेबल कुणी घालवलं ते त्यांच्या अजून लक्षात आलं नसलं तर?”