माझ्या भिंतीवरचा जनरल

सामंतसाहेबांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी एका गोऱ्या माणसाच्या पाया पडलो. म्हणजे त्याच्या फोटोच्या. हॉलमध्ये फोटो, फोटोला चंदनाचा हार, खाली निरांजन. छातीपर्यंत दाढी, डोळे रागीट. मला वाटलं ह्यांच्या कुळातले कोणी महाराज असतील, कोकणातली माणसं गोरी असतातच. बूट काढले, टेकवलं डोकं. सामंतसाहेब चहा घेऊन आले आणि म्हणाले, "बाळू, ऊठ. ते अमेरिकेच्या लष्करातले जनरल आहेत. आशीर्वाद दिला तरी इंग्लिशमध्ये देतील."

माझी बायको सुमन एवढी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. तिथंच माझं आणि सामंतसाहेबांचं बिनसलं. सुमनला हसवणं हे घरातलं एकच काम माझ्याकडं होतं.

कॉव्हेंट्रीत आमची घरं चिकटून, मध्ये एक भिंत. सामंतसाहेब हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे, आता रिटायर झालेले. मी त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत. सुमन नर्स. मी चौथी नापास, तिच्या व्हिसावर आलेला. तेव्हा फॉर्मवर माझ्या नावापुढं 'डिपेंडंट' लिहिलं होतं. पुढं पासपोर्ट बदलला, बाकी परिस्थिती तीच.

एक्स-रेची सवय त्यांची कधी गेली नाही. कोणी चिडलं की म्हणायचे, "श्वास घे. रोख. हलू नकोस. हं, सोड." भांडायला गेलेला माणूस श्वास सोडून परत यायचा. मी तीनदा आलोय.

तर हा जनरल. आमच्या रांगेतली घरं पूर्वी रिबिनी विणणाऱ्यांची, म्हणून वरच्या मजल्याला उजेडासाठी एवढ्या मोठ्या खिडक्या. त्यातल्या एका विणकराचा पोरगा लहानपणीच अमेरिकेला गेला आणि तिकडं आपसात लढाई झाली त्यात जनरल झाला. सामंतसाहेबांनी जुने नकाशे काढले, अमेरिकेतल्या लायब्ररीवाल्या बाईला पत्रं लिहिली आणि शोधून काढलं की तो जन्मला आमच्या घरात! तिकडच्या गावात त्याचा पुतळा आहे, त्याच्या नावाची शाळा आहे. जिथं जन्मला तिथं त्याला कुत्रं ओळखत नव्हतं.

"ह्याने भर पावसात शत्रूला अडवून एक पूल धरून ठेवला, दिवसभर," सामंतसाहेब सांगायचे. "दुसऱ्या दिवशी दुसरा एक जनरल आला, कोरड्या कपड्यांत. पेपरात नाव त्याचं. मग हा म्हातारा होईपर्यंत पत्रं लिहीत बसला, पूल मी धरला, मी धरला. बाळू, जळणारा माणूस मरत नाही रे. नुसता लहान लहान होत जातो."

हे सांगताना ते माझ्याकडं का बघायचे, मला तेव्हा कळायचं नाही. म्हणजे कळायचं. पण मी बिस्किट खायचो.

जनरलला मूलबाळ नव्हतं. "कोणीतरी वाढायला नको?" म्हणून हे त्याच्या पुण्यतिथीला खीर करायचे आणि बागेच्या कुंपणावर पान ठेवायचे. सुमन वाटी भरून आणायची. "अहो, काय खीर करतात सामंतसाहेब!" मी म्हणायचो, साखर जास्त झालीय. आणि वाटी चाटायचो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण दिवाळीच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळात दहा मिनिटं माझी असायची. मी उभा राहून स्वतःची फजिती सांगायचो, लोक पोट धरून हसायचे. वर्षातली तेवढी दहा मिनिटं मी कुणावर डिपेंडंट नव्हतो. एका दिवाळीला सेक्रेटरी म्हणाले, "बाळूभाऊ, ह्या वेळी सामंतसाहेब जनरलवर बोलतील. तुम्ही तेवढं खुर्च्यांचं बघा." मी खुर्च्यांचं बघितलं. एकही रिकामी नव्हती.

त्यानंतर महिनाभरात सामंतसाहेब फॉर्म घेऊन आले. इथल्या इतिहासवाल्यांची सोसायटी जनरलच्या नावाची पाटी लावणार होती, भिंत आमची, म्हणून दोन सह्या पाहिजेत, सुमनची आणि माझी. सुमनने उभ्या उभ्या केली. मी म्हणालो, "वाचून करतो." मला इंग्लिश वाचता येत नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

फॉर्म मी तांदळाच्या डब्याखाली सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सहीवाचून कुणाचं अडलं होतं. ते विचारायचे, "बाळू, वाचून झालं का?" मी म्हणायचो, "दुसऱ्या पानावर आहे." फॉर्म एकाच पानाचा होता. असं दोन वर्षं. पुढं त्यांना धाप लागायला लागली, तरी एकदाही आवाज चढवला नाही. सुमन मात्र म्हणाली, "माणूस पाटी बघायला थांबलाय हो." मी म्हणालो, "मग थांबतील अजून."

नाही थांबले. जानेवारीत गेले.

दहाव्याला त्यांच्या बागेत कुंपणावर पान ठेवलं. इथले कावळे इथलेच, त्यांना काय माहीत. पण पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, समोरच्या छपरावर बसलेत आणि पानाला शिवत नाहीत. सामंतसाहेबांची मुलगी केतकी स्टॅनमोरहून आलेली, इथंच जन्मलेली. ती हात जोडून म्हणाली, "बाबा, मी तुमचे सगळे पेपर्स सांभाळणार." कावळा हलला नाही. सुमन म्हणाली, "केतकीकडे आम्ही बघू." नाही. मग सुमनने माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच.

"करतो सही," मी पुटपुटलो. कावळ्याने मान फिरवली. शेवटी घरी पळालो, डब्याखालचा फॉर्म आणला आणि सगळ्यांसमोर कचऱ्याच्या बिनवर ठेवून सही केली. तेव्हा आला. कावळा नव्हता, कावळ्याच्याच जातीचा काळापांढरा मॅगपाय होता, पण सुमन म्हणाली, इथं तो चालतो.

केतकी फॉर्म हातात घेऊन बघत राहिली. "काका, पण बाबांकडे पण सेम फॉर्म होता. साइन केलेला. तुमच्याकडे यायच्या आधीच."

"म्हणजे?"

"दोन्ही घर आधी एकच होतं ना, भिंत नंतर घातली. पाटी आमच्या साइडला पण चालली असती. मी विचारला, डॅड, व्हाय वेट? तर म्हणाले, पाटीपाशी लोक येतील, त्यांना बोलणारं कोणीतरी पाहिजे. बाळूची दहा मिनिटं माझ्यामुळे गेलीत, ती त्याला परत द्यायची आहेत."

मी श्वास घेतला. रोखला. सोड म्हणणारं कोणी नव्हतं.

पाटी मे महिन्यात लागली, माझ्या भिंतीवर. आता शाळेची पोरं येतात. मी त्यांना माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये पूल सांगतो, पाऊस सांगतो, मी पाया पडलो ते सांगतो. हसतात. मोजून दहा मिनिटं घेतो. फोटो, हार, सगळं केतकीने आमच्या हॉलमध्ये आणून ठेवलंय, खीर सुमन करते.

परवा पोरं गेल्यावर ती दारातून म्हणाली, "छान सांगितलंत हो. पण सामंतसाहेबांची सर नाही."

मी परत जळलो. मेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात. पण त्यांच्या जागी मी असतो तर पाटी पहिल्याच दिवशी स्वतःच्याच भिंतीवर ठोकली असती, आणि माझ्यातलं हे त्यांनी एक्स-रे न काढताच बघितलं होतं.