बटणांच्या डब्यातला संघ

उत्तर इंग्लंडमधल्या हेझलशॉत रविवारचा रग्बीचा संघ आधी कुणाला कळतो, हे कुणालाही विचारा. कोचच्या बायकोला नाही, पेपरवाल्यांना नाही, खेळाडूंना तर नाहीच नाही. ग्लेनिसला कळतो. ग्लेनिस ओल्डरॉइड, वय सदुसष्ट, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. कोक लेनच्या मैदानात जुन्या स्टँडच्या पोटात एक बिनखिडकीची खोली आहे. तिथं एकतीस वर्षं ती संघाचे कपडे धुतेय, वाळवतेय, इस्त्री करतेय. त्या काळात चार वॉशिंग मशीन मोडीत गेली आणि कोच किती गेले याची गणती तिनं सोडून दिली.

तिथली रीत अशी की गुरुवारचा सराव आटोपला की कोच खाली उतरतो आणि चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यामागे तेरा नावं, वर चार बदली, असं लिहून ग्लेनिसच्या हाती देतो. जर्सीला नंबर असतो आणि नंबराला अंग असतं. सात नंबर कुणाच्या अंगावर चढणार हे कळल्याशिवाय बाईनं नेटकी जर्सी काढायची की ढगळ, सांगा बरं? शनिवारी सकाळी यादी दारावर लागायची. तोवर ती कोचची आणि ग्लेनिसची. तिचा नवरा नॉर्मन सामन्यांवर पैजा लावायचा. “अगं, निदान सात नंबर तरी सांग, बायको आहेस ना माझी?” असं बिचारा दर गुरुवारी जेवताना विनवायचा. “बायको आहे, पेपर नाही,” म्हणून ती त्याच्या ताटात आणखी वाटाणे वाढायची. नॉर्मन गेला, पण बायकोच्या तोंडून एक नाव ऐकून गेला नाही. ग्लेनिसला या गोष्टीचा फार अभिमान होता. अख्ख्या गावाला होता.

रस स्टॅन्सफील्ड कोच झाला तेव्हा तर ती हरखूनच गेली. रसची आई जीन आणि ग्लेनिस शिवणकारखान्यात एका बाकावर वीस वर्षं बसलेल्या. रसचा बाप याच संघाचा कप्तान होता. पहिल्या गुरुवारी रस खाली आला, पुठ्ठं पुढं केलं आणि लाजत म्हणाला, “आंटी, अक्षर लागतंय का बघा.”

“लागतंय रे. शाळेत असतानापेक्षा बरंय. पाच नंबर मात्र जाड झालाय, त्याला मटणाच्या पाई कमी खायला सांग.”

दोन वर्षं बरी गेली. मग स्टँडचं छप्पर सरकारी माणसांनी धोक्याचं ठरवलं, क्लब बंद पडतो की काय अशी वेळ आली आणि दक्षिणेकडून मिस्टर पेलम अवतरले. गोदामांचे मालक. त्यांनी क्लब विकत घेतला, छप्पर घातलं, नवे दिवे लावले, आणि गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. खोटं कशाला बोला, ग्लेनिसनंही टाळ्या पिटल्या. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय!

पेलमनी ऑस्ट्रेलियातून ब्रॅड नावाचा सात नंबर आणला. तेरा जणांच्या रग्बीत सात नंबर म्हणजे घरातली कर्ती बाई. कुणी कुठं उभं राहायचं, चेंडू कुणाकडं जायचा, सगळं तोच बघतो. ब्रॅड एके काळी थोर होता म्हणे. आता तेहेतीस वर्षांचा होता आणि त्याचा गुडघा म्हणजे ग्लेनिसच्या गुडघ्याचा सख्खा भाऊ. गावातला जोएल, जो आठवडाभर भिंतींना गिलावा करून संध्याकाळी सरावाला यायचा, तो त्याच्याहून दुप्पट चपळ होता. हे रसला दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मार्चमधल्या एका गुरुवारी रसनं पुठ्ठं दिलं. सात नंबर, जोएल. ग्लेनिसनं नेटकी जर्सी काढली. तेवढ्यात रसचा फोन वाजला. तो बाहेर गेला, बराच वेळ “हो... हो, सर... तसं नव्हतं म्हणायचं मला” असं ऐकू येत राहिलं. आत आला तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. दुसरं पुठ्ठं मागून घेतलं आणि परत सगळी नावं लिहिली. सात नंबर, ब्रॅड. बारा नंबरही बदलला.

“ते पहिलं फेकून द्या, आंटी.”

“देते,” ग्लेनिस म्हणाली. पण शिवणकारखान्यात वीस वर्षं चिंधीसुद्धा न टाकलेल्या बाईच्या हातून पुठ्ठं कसलं फेकलं जातंय! तिनं ते बटणांच्या डब्यात सारलं.

पुढं दर गुरुवारी तेच. पहिली यादी रसची, फोन, दुसरी यादी पेलमची, आणि दोन्ही रसच्या अक्षरात. एकदा चार नावं बदलली. एकदा तर रस फोन वाजायची वाट बघत इस्त्रीच्या टेबलाशी उभाच राहिला. पहिली यादी त्यानं तरीही लिहिली. कशासाठी लिहितोस, असं ग्लेनिसनं विचारलं नाही. तिला ते विचारवेना.

संघ आपटत गेला. पाच सामने ओळीनं हरले. गाव आधी कुजबुजलं, मग बोंबलायला लागलं. ब्रॅडला दर रविवारी कोण घेतंय? पेलम कोचच्या डोक्यावर बसलाय की काय? समर्थकांचा अध्यक्ष ट्रेव्हर, निवृत्त बसड्रायव्हर, शब्दाचा पक्का आणि आवाजाचा मोठा. त्यानं खाणकामगारांच्या क्लबात बैठक बोलावली. पेलमच संघ निवडतो असं सिद्ध झालं, तर गाव रसच्या पाठीशी उभं राहणार आणि पेलमच्या दारात जाणार, असं ठरलं होतं. आणि सिद्ध कोण करणार? ज्या बाईला संघ आधी कळतो ती.

बैठकीच्या आदल्या दिवशी रस खाली आला. गुरुवार नव्हता. दार लावून घेतलं.

“आंटी, उद्या तुम्हाला विचारतील.”

“विचारू देत की. सांगते सगळं. डबा भरलाय माझा.”

“नको!” तो एकदम ओरडला, मग आवाज खाली आणला. “माझ्या बापानं या गावात मान खाली घातली नाही कधी. आणि मी काय, शिट्टी वाजवायला ठेवलेला नोकर? वाईट कोच म्हणून शिव्या घातल्या तर सोसेन मी. पण याला विचारतंच कोण, असं म्हणून हसले, तर मी या रस्त्यानं चालू कसा?”

“अरे पण, तोंड दाबून बुक्क्यांचा मार किती दिवस खाणार?”

“दोन-तीन आठवडे. पेलमना पटवतोय मी. आईलासुद्धा बोललो नाही. आंटी, यादी बाहेर जात नाही ना तुमच्याकडून? कधीच गेली नाही ना?”

त्यानं नेमकी दुखरी नस दाबली. यादी बाहेर जात नाही. एकतीस वर्षांत गेली नाही.

क्लबात तीनेकशे माणसं होती. बिअरचा आणि ओल्या कोटांचा वास. जीन पुढच्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. ट्रेव्हरनं फाटे फोडले नाहीत.

“ग्लेनिस, तुला एकच विचारतो. यादी कोण देतं?”

ग्लेनिस उभी राहिली. गुडघा कुरकुरला. जीनकडं तिनं पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

“रस देतो. त्याच्या हातानं, त्याच्या अक्षरात.”

“दर आठवड्याला? ब्रॅडचं नावही?”

“दर आठवड्याला. ब्रॅडचंही.”

शब्दन् शब्द खरा होता. आणि ग्लेनिस खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागून कुणीतरी म्हणालं, “म्हणजे आपलाच गाढव निघाला की!” आणि लोक हसले. ज्या हसण्याला रस भ्याला होता ते हसणं त्याला चुकलं, पण दुसरं वाट्याला आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि दोरी वळून दिली ग्लेनिसनं.

रविवारी सामन्याच्या मध्यंतरात पाईच्या टपरीपुढच्या रांगेतून आरोळ्या उठल्या, “स्टॅन्सफील्ड, घरी जा!” पुढच्या रविवारी तेच चादरीवर रंगवून आणलं. जीन तिच्या नेहमीच्या जागी थर्मास घेऊन बसायची. तिसऱ्या रविवारी ती जागा रिकामी होती. ग्लेनिस गुरुवारी रसला म्हणायची, “बोलू का रे आता?” तो नको म्हणून मान हलवायचा आणि पुठ्ठं मागायचा. दोन पुठ्ठी. आधी त्याचं, मग त्यांचं.

ट्रेव्हरनं चारशे सह्यांचं पत्र नेऊन दिलं की हा कोच आम्हाला नको. पेलमना आणखी काय हवं होतं! त्यांनी हसतमुखानं फोटो काढून घेतला आणि जाहीर केलं की समर्थकांच्या भावनांचा मान राखून मिस्टर स्टॅन्सफील्ड यांना मोकळं करण्यात येत आहे. रसनं किल्ल्या ऑफिसात दिल्या. ग्लेनिसच्या खोलीत आला नाही.

त्याच दुपारी ग्लेनिसनं डबा उचलला आणि ट्रेव्हरचं घर गाठलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिनं अकरा पुठ्ठी मांडली. प्रत्येकावर तारीख, प्रत्येकावर सात नंबर, जोएल. सगळं सांगितलं, फोन, लाल कान, दुसरी यादी.

ट्रेव्हर पुठ्ठी उलटीपालटी करत राहिला. चेहरा पडला होता त्याचा. “हे त्या दिवशी का नाही बोललीस, बाई?”

“त्यानं शब्द घेतला होता.”

“आणि मी चारशे लोकांकडून सह्या घेतल्या, तुझ्या शब्दावर. आता त्यांना काय सांगू? दोन्ही याद्या त्याच्याच अक्षरात. कामावरून काढल्यावर घरी बसून लिहिली असं म्हणतील. पेलम तर म्हणतीलच.”

“मी सांगते ना, खरंय म्हणून!”

“तेव्हाही तूच सांगितलं होतंस, ग्लेनिस.”

डबा बगलेत मारून ती जीनच्या गल्लीत वळली. निदान आईला तरी कळायला हवं होतं की पोरगा गाढव नव्हता. रस सकाळीच गेला होता, दूर कंब्रियात मेहुण्याबरोबर बांधकामाच्या परांच्या बांधायला. जीननं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. पायरीवरच एकेक पुठ्ठं वाचलं. पोराचं अक्षर तिनं बोटानं पुसल्यासारखं चाचपलं.

“म्हणजे जोएललाच घेत होता तो.”

“दर खेपेला गं.”

“बैठकीहून आल्यावर मी काय म्हणाले त्याला, ठाऊक आहे तुला?” जीनचा आवाज अगदी साधा होता. “बापानं संघ चालवला आणि तुला साधा सात नंबर निवडता येत नाही, असं म्हणाले. तो चहा प्याला आणि गेला. लोक बोलले असते तर मी एकाचंही ऐकलं नसतं. पण तू बोललीस.”

ग्लेनिसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “जीन, अगं, मी त्याच्यासाठीच...”

“असशील.” जीननं पुठ्ठी नीट जुळवली आणि एप्रनच्या खिशात ठेवली. डबा तिनं ग्लेनिसच्या हातात परत दिला. “बटणं तुझी आहेत,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या गुरुवारी खाली कुणीच आलं नाही. यादी ग्लेनिसच्या मोबाइलवर आली, ऑफिसातून, टाइप केलेली. तिनं ब्रॅडची ढगळ जर्सी काढली आणि सात नंबरच्या खुंटीला अडकवली.