टोकन नंबर ४१७

सलीमभाई गेल्याची बातमी ज्याने मला दिली, त्याने ती एका दमात दिली. "अहो, तुमचे सलीमभाई गेले हो सकाळी... फार वाईट झालं... त्यांच्या खोलीत काही जुना माल राहिलाय का, बघता का जरा?" मधली टिंबं माझी आहेत, तो कुठे थांबला नव्हता. हा पुण्याचा जुन्या वस्तूंचा व्यापारी. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याने सलीमभाईंचं कधी कुठे लिहिलं नाही, मग मी का लिहू?

पिंपरीच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये सलीमभाई आणि मी शेजारशेजारच्या बाकांवर. तिथली रीत अशी, की काम झालं की करणाऱ्याने आपला टोकन नंबर त्यावर ठोकायचा. म्हणजे उद्या बिघडलं तर शिव्या कोणाला घालायच्या ते साहेबाला कळतं. सलीमभाई म्हणायचे, "नंबर पडला की काम तयार. तोवर नुसतं लोखंड." ते कंपनीत डाय, म्हणजे साचे, बनवत आणि सुट्टीच्या दिवशी चिखलीतल्या आपल्या खोलीत कोफ्तगारी करत. लोखंडावर टाकीने केसाएवढ्या आडव्या-उभ्या रेघा पाडायच्या, त्या खरखरीत अंगावर चांदीची तार ठोकून बसवायची, मग तापवून गुळगुळीत दगडाने घासायचं. काळ्या लोखंडातून चांदीचा वेल वर यायचा. त्यांच्या आजोबांचे आजोबा हे काम तलवारींच्या मुठींवर करत. एकोणिसाव्या शतकात तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा अशा कारागिरांनी हाच वेल साहेबलोकांच्या दौतींवर आणि तबकांवर चढवला. मरायला टेकलेली कला उठून बसली. सलीमभाईंनी ती चिखलीत पुन्हा उठवली.

आणि व्यापाऱ्याने ती पुन्हा पुरली. अक्षरशः! जुनं म्हणून विकता यावं, यासाठी सलीमभाईंनी केलेलं तबक आठवडाभर ओल्या मातीत ठेवायचं, जरासा गंज चढवायचा आणि नंबर मुळीच ठोकायचा नाही, ही त्याची अट. पण टूलरूमच्या हाताला चैन पडेना. सलीमभाई वेलाच्या तिसऱ्या पानाच्या शिरांत चांदीनेच आपला ४१७ लपवू लागले.

पुढे पुण्यात एका प्रदर्शनात आम्हाला त्यातलं एक तबक भेटलं. काचेआड, दिव्याखाली. चिठ्ठीवर लिहिलेलं : 'एकोणिसावे शतक. कारागीर अज्ञात.' सलीमभाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "बघ राव, मी मेलो पण!" मी पहारेकऱ्याला हाक मारली, "अहो, या अज्ञात कारागिराला प्यायला पाणी मिळेल का?" आणि पोट धरून हसलो. परतीच्या बसमध्ये दापोडीला ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "हसलास ते ठीक. पण तिथल्या साहेबाला सांगायचं होतं ना रे. मी सांगितलं तर म्हातारा बढाया मारतो म्हणतील. तुझी जीभ चालते."

माझी जीभ चालली. लग्नात, बारशात, निरोपसमारंभात मी ही गोष्ट नकला करून सांगितली आणि टाळ्या घेतल्या. जिथे सांगायची होती, तिथे नाही. व्यापाऱ्याचा राग येतो, चिठ्ठी लिहिणाऱ्याचा येतो. पण त्या टाळ्या आठवल्या की कानशिलं तापतात.

सलीमभाईंच्या चाळिसाव्या दिवशी व्यापारी त्यांच्या खोलीवर आला. त्यांच्या बायकोसमोर, आमच्या भाभींसमोर, हळहळला आणि कोपऱ्यातलं फडकं उचललं. खाली शेवटचं तबक. "वा! दीडशे वर्षांचं सहज वाटेल."

"भाईसाब, तो नंबर ठोकायच्या पंचांचा डबा द्या," भाभी मला म्हणाल्या. तबकाच्या बरोब्बर मध्यावर, चांदीचा वेल जिथे मोकळी जागा सोडतो तिथे, त्यांनी पंच धरला. ठक्. चार. ठक्. एक. ठक्. सात.

"अहो भाभी, बाद केलंत की हो!"

"बाद न्हाई," भाभी म्हणाल्या. "आता तयार झालं."

त्या प्रदर्शनवाल्यांना मी पत्र लिहिलं आहे : तबक बाहेर काढा, तिसरं पान भिंगाखाली बघा. उत्तर नाही... दुसरं लिहीन, मग तिसरं.

सलीमभाईंनी मला एक अडकित्ता करून दिला होता. डॉक्टरांनी सुपारी बंद केली, तरी रोज संध्याकाळी तो हातात घेतो. त्याच्यावर नंबर लपवलेला नाही. दांडीवर, जिथे अंगठा टेकतो नेमका तिथेच ठोकलेला आहे. गप्पा रंगात आल्या की मी तो जरा जोरात दाबतो. मग बराच वेळ ते आकडे अंगठ्यावर उमटून राहतात.