कर्णिकांच्या बगला

अंबरनाथचे कमळाकर कर्णिक दोन्ही हात अंगापासून फाकवून चालत. वडील अण्णाही तसेच. बापलेक फिरायला निघाले की नव्या माणसाला वाटे, पैलवानांचं घराणं आहे. प्रत्यक्षात कमळाकर मोरिवलीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत आणि भरलेली बादली उचलायला बायकोला हाक मारत.

भानगड बगलेत होती. घाम आला की तिथली कातडी लाल होऊन चिरायची, शर्ट घासला तरी आग आग. आजार दुर्मिळ, बापाकडून मुलाकडे आलेला. मलमं झाली, हळद झाली. हळदीने शर्ट तेवढे पिवळे झाले.

१९९४ साली मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरचा खराब थर लेझरने जाळून काढू. आजार मुळातून जाणार नाही, पण तेवढ्या जागेला आराम पडेल. आधी एकच बगल करून बघू."

अण्णांनी लेझर गणपतीच्या ऑर्केस्ट्रात पाहिला होता. "आरपार गेला तर खांद्यातून हिरवा उजेड पडेल," ते गंभीरपणे म्हणाले.

बगल बधिर करून काम सुरू झालं. थोड्या वेळाने कमळाकरांनी नाक वर केलं. "बाई, काहीतरी जळतंय."

"तुम्हीच," बाई म्हणाल्या. "हलू नका."

जखम भरली आणि डावा हात आयुष्यात पहिल्यांदा सरळ खाली आला. उजवा मात्र तसाच बाहेर. आता रस्त्याने जाताना प्रत्येक रिक्षा त्यांच्याजवळ थांबू लागली. "बैठो ना, साहब!" नाही म्हणायला संकोच वाटे, म्हणून दोनदा तर ते बसलेही.

जवळच्या सिंधी वसाहतीत, कॅम्प पाचच्या टेलरकडे त्यांनी एक बाही घट्ट, एक ढगळ सांगितली. टेलर टेप गळ्यात टाकून बघतच राहिला. "साईं, एक शर्ट में दो आदमी जाएंगे क्या?"

पुढच्या हिवाळ्यात दुसरी बगलही झाली. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "माझं राहू दे. भाजीबाजारात लोक आपोआप बाजूला होतात."

तीही जखम भरल्यावर एका सोमवारी कमळाकर आणि सुनेत्राबाई शिवमंदिरात गेले. गर्दीत चुकामूक नको म्हणून सुनेत्राबाईंनी नवऱ्याच्या दंडाखाली हात घातला. कमळाकर किंचाळले. मग खो खो हसत सुटले.

"अहो, काय झालं? दुखतंय का?"

"नाही गं!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गुदगुल्या होतायत!"

बेलफुलं घेऊन उभी असलेली माणसं वळून बघत होती. सुनेत्राबाई लाजल्या, पण हात त्यांनी काही काढला नाही.